चार डझन टरफलं

एका बाईनं तीन महिने जपून साठवलेली चार डझन अंड्यांची टरफलं मी एका मिनिटात कचऱ्यात टाकली, आणि वर साबण लावून तीनदा हात धुतले. आपल्याकडे शाळेत टरफलं न उचलण्याचा केवढा अभिमान शिकवतात! मी उचलली. खाल्लं काहीच नव्हतं, तरी उचलली. तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते, एम.ए., बी.एड. होते आणि आपल्याला सगळं कळतं असा माझा पक्का समज होता. आता सत्तरी उलटून गेली आहे. जिना चढताना मध्ये एकदा थांबावं लागतं, आणि थांबले की नको त्या गोष्टी आठवतात. ती बत्तिशीतली बाई मला आज भेटली, तर मी तिला खुर्चीत बसवीन, चहा देईन आणि म्हणेन, जरा दम घे गं, आणि ते हातमोजे आधी काढ.

हातमोज्यांचं पुढे येईलच.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. आम्ही टेक्ससमध्ये, अर्विंगला राहत होतो. आमचे हे विमानतळाकडच्या एका कंपनीत इंजिनिअर होते. माझ्या बी.एड.ला तिथे काडीची किंमत नव्हती. खूप अर्ज केल्यावर एका प्राथमिक शाळेत दुसरीच्या वर्गात एडची नोकरी मिळाली. एड म्हणजे वर्गाच्या बाईंची मदतनीस. नाकं पुसायची, पेन्सिलींना टोक काढायचं, जांभळ्या शाईत छापलेल्या कागदांचे गठ्ठे ऑफिसातून आणायचे आणि बावीस पोरांना रांगेत बाथरूमला नेऊन रांगेत परत आणायचं. चार वाजता घरी आले की मी बूट न काढता सोफ्यावर बसत असे. कुकर लावायला उठायचं, एवढा एक विचार करायला मला अर्धा तास लागे.

वर्गातली निम्मी मुलं मेक्सिकन घरांतली होती. त्या वर्षी मुख्याध्यापकांनी ठरवलं की दर महिन्याला या मुलांच्या घरचा एखादा सण, एखादी रीत वर्गात आणायची, आणि नुसती मजा म्हणून नाही, तर तिच्यातून गणित, लेखन, विज्ञान शिकवायचं. कल्पना चांगली होती. वर्गाच्या बाईंनी ती लगेच माझ्याकडे सरकवली. उंच, गोऱ्या, केसांवर फवारा मारलेल्या आमच्या बाई मनानं वाईट नव्हत्या, पण दमलेल्या होत्या. तिथे सगळेच दमलेले होते.

"हनी, हे तूच कर. तुला हे सगळं जास्त जवळचं."

मी भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून दाखवलं. इथून मेक्सिको एवढं. इथून माझं गाव, थांबा, पट्टी पुरत नाही. बाईंनी पट्टीकडे नीट पाहिलं.

"तरी पण," त्या म्हणाल्या.

मग काय, झाले मी तज्ज्ञ! लायब्ररीतून दोन पुस्तकं आणली आणि कामाला लागले. कागदाच्या नक्षीदार पताका छान जमल्या, कारण आकाशकंदील करून करून हाताला सवय होती. डिसेंबरात गोळ्या-चॉकलेटांनी भरलेला तो कागदी तारा करायचा होता, मुलं डोळे बांधून काठीनं फोडतात तो. मी त्याला घरून कणकेची खळ शिजवून नेली आणि मजबुतीसाठी थरावर थर चढवले. बावीस मुलांनी पाळीपाळीनं बडवला, तरी तारा आपला झुलतोच आहे. शेवटी शिपायानं हातोडीनं फोडला. मुलं रडवेली झाली होती. मी घरी येऊन ह्यांना सांगितलं, "खळ एक नंबर झाली होती!" यावरून माझी समज किती होती ते कळावं.

त्या वर्गात एक मुलगी होती, सात वर्षांची, खिडकीजवळ बसायची. शाळा ऑगस्टमध्ये सुरू झाली, तेव्हापासून ती वर्गात एक अक्षर बोलली नव्हती. हजेरीला हात वर करायची. तहान लागली की नळाकडे बघायची. कागदावर उत्तरं बरोबर लिहायची, पण बाईंना वाटायचं, शेजारणीचं बघून लिहिते. तिची आई आमच्याच शाळेच्या जेवणघरात कामाला होती. डोक्यावर जाळी, पांढरा एप्रन. ती आपल्या तोडक्या इंग्रजीत मला म्हणायची, "घरी? घरी गप्पच बसत नाही! माझं डोकं उठवते!" आणि दोन्ही हातांनी कान झाकून दाखवायची. माझ्यावर विश्वास टाकणारी त्या शाळेत ती एकटीच असावी.

एप्रिलअखेर बाईंना प्रत्येक मुलाचा कागद भरून द्यायचा होता. तिसरीत जाणार, की पुन्हा दुसरीत बसणार. त्या मुलीच्या कागदाशी त्यांचं पेन अडलं होतं.

"मी काय लिहू, हनी? हिला वाचता येतं हे मला कसं कळणार? एकदा तरी वर्गासमोर उभं राहून बोलू दे. एक वाक्य बोलली तरी मी पुढे घालते. नाही बोलली, तर पुन्हा दुसरी. माझ्याही हातात काही नाही."

मार्चमधल्या एका दुपारी मी त्या मुलीला लायब्ररीतलं पुस्तक दाखवत होते. ईस्टरच्या सुमाराला मेक्सिकन घरांत कास्करोनेस करतात, त्याचं चित्र होतं. अंड्याच्या पोकळ टरफलाला रंग द्यायचा, आत कागदाच्या रंगीत टिकल्या भरायच्या, भोकावर पातळ कागद चिकटवायचा आणि एकमेकांच्या डोक्यावर ते फोडायचं. डोक्यावर टिकल्यांचा पाऊस. आपल्या रंगपंचमीची धाकटी बहीण म्हणा. मुलीनं चित्रावर बोट ठेवलं, माझ्या कानाशी तोंड आणलं आणि कुजबुजली, "आम्ही असं नाही करत."

मी हललेच नाही. खांद्यावर पाखरू बसल्यावर माणूस जसं बसेल तशी बसले.

"मग कसं करतात ते तू सगळ्यांना सांगशील? ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी?"

तिनं बराच वेळ विचार करून मान हलवली. हो.

मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. गुरुवारी मी तिचा कागद समोर घेऊन बसते." मी जेवणघरात जाऊन तिच्या आईला सांगितलं. तिचा चेहरा असा उजळला की मागे रांगेत उभ्या असलेल्या मुलांना त्या दिवशी दोन-दोन डाव मका जास्त मिळाला. सोमवारी मी अंडी आणून ठेवते, ती म्हणाली. मी म्हटलं, आणा.

आता माझी गोची बघा. मी अंडं कधी हातात धरलं नव्हतं. मला वाटलं, ही बाई कच्ची अंडी आणणार, ती वर्गात फोडून रिकामी करावी लागणार, आणि तो बलक, तो वास! शनिवार-रविवार मी त्याच काळजीत काढले. दुकानातून रबरी हातमोजे आणले, नाकाला लावायला निलगिरीचं तेल घेतलं. सोमवारी सकाळी एवढ्या तयारीनिशी वर्गात शिरले तर सिंकशेजारी अंड्यांची चार खोकी. एक उघडलं. आत सगळी रिकामी, वर भोकं पडलेली टरफलं. दुसरं उघडलं, तेच. कुणीतरी अंडी खाऊन कचरा आमच्या सिंकवर आणून टाकलाय! मला एवढा संताप आला! हातमोजे होतेच. चारही खोकी दोन बोटांत धरून मोठ्या कचऱ्याच्या पिंपात टाकली, ओटा पुसला, हात धुतले, आणि एका कागदावर ठळक अक्षरांत लिहून सिंकवर चिकटवलं, की कृपया खरकटं इथे आणून टाकू नये. अक्षर माझं फार सुंदर होतं.

दुपारी ती मुलगी सिंकपाशी गेली. रिकाम्या ओट्याकडे पाहिलं. माझी ती सुंदर अक्षरातली पाटी तिनं सावकाश, शब्दाखाली बोट फिरवत वाचली. वाचता येत होतं तिला. मग तिनं पिंपात डोकावून पाहिलं. पिंप केव्हाच रिकामं झालं होतं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की तिच्या आईनं आणलेली अंडी म्हणजे हीच टरफलं. त्यांच्या घरी रोज सकाळी प्रत्येक अंडं वरच्या टोकाशी चमच्यानं हलकेच टिचवतात, नाण्याएवढं भोक पाडून रिकामं करतात, धुतात, वाळवतात आणि खोक्यात मांडून ठेवतात. नाताळ संपला की सुरुवात. पुस्तकातल्या चित्रात हे कुठेच नव्हतं.

जेवणघर आमच्या वर्गापासून तीस पावलांवर होतं. तीस पावलं जाऊन मी म्हणायला हवं होतं, बाई, माझ्याकडून चूक झाली. नाही गेले. म्हणजे, निघाले होते. दारापर्यंत जाऊन परत आले. एम.ए., बी.एड. आड आलं. मी ठरवलं, तीन दिवसांत बावीस टरफलं उभी करायची आणि कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही.

घरी आले आणि फोन धरला. त्या वेळी आसपास आपली दहा-बारा मराठी घरं होती. पहिला फोन एका पुण्याच्या काकूंना.

"काकू, तुमच्याकडे अंडी...?"

"आमच्याकडे? छे गं बाई! काहीतरीच काय!"

दहा मिनिटांनी त्यांचाच फोन. आवाज खाली. "अगं, ह्यांना डॉक्टरांनी सांगितलंय, प्रोटीनसाठी. म्हणून आणते कधीतरी. किती हवीत तुला?"

दुसरीकडे मुलांना शाळेत हवीत म्हणून आणत होते. तिसरीकडे फक्त केकमध्ये, आणि केक म्हणे रोज होत असे. अर्विंगमध्ये शुद्ध शाकाहारी म्हणून जी घरं मला ठाऊक होती, त्यांपैकी निम्मी त्या एका संध्याकाळी निकालात निघाली. ह्यांना हे ऐकवलं तर हे पेपरमागून म्हणाले, "कॅन्टीनमध्ये ऑम्लेट चांगलं असतं." मी त्यांच्याशी बुधवारपर्यंत बोलले नाही.

मंगळवारी शाळा सुटल्यावर वीस-वीस मैल गाडी हाणून टरफलं गोळा केली. बहुतेकांनी सवयीनं मधोमध फोडलेली. काकूंनी तर दोन अर्धुकं चिकटपट्टीनं जोडून दिली होती. "बघ बरं, चालतंय का!" गाडीत बसून मोजली. कामाची पाच.

आणखी एक घर राहिलं होतं. मी ते मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. नागपूरचं तरुण जोडपं, तो कॉम्प्युटरवाला, ती युनिव्हर्सिटीत शिकत होती. त्यांच्या हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती होती आणि भिंतीवर निळ्या कोटातला तो फोटो. त्यांनी आम्हाला दोनदा जेवायला बोलावलं होतं आणि दोन्ही वेळा माझा उपास निघाला होता. त्यातला एक बुधवारी. बुधवारी कसला उपास असतो ते मला अजून माहीत नाही. तिनं विचारलं नव्हतं. तिला विचारायची गरजच पडली नव्हती. इतकी शिकलेली मी, आणि हे सगळं बरोबर बांधून विमानानं आणलं होतं.

फोन केला. सगळं सांगितलं, अगदी कचऱ्यासकट. का कोण जाणे, तिला सांगता आलं.  ती म्हणाली, "या न ताई इकडेच. आज उपास नाही न?"

गेले. तिनं दीड डझन अंडी ओट्यावर काढून ठेवली होती. तिनं मला अंडं हातात धरायला शिकवलं. "असं आवळू नका. तान्ह्या बाळाचं डोकं धरता तसं धरा. हं. आता चमचा हलकाच. अरे, हलकाच म्हटलं यार!" पहिलं माझ्या साडीवर. दुसरं तिच्या गालिच्यावर. तिसऱ्याला भोक पडलं आणि मी लहान मुलीसारखी ओरडले. तिच्या नवऱ्यानं आतल्या खोलीतून विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "ताईंनी अंडं फोडलं!" तो म्हणाला, "काँग्रॅच्युलेशन्स!"

त्या बलकाची तिनं कांदा-मिरची घालून मोठी कढई भरून बुर्जी केली आणि पोळ्या लाटल्या. मी नुसती पोळी आणि लोणचं खाल्लं. पण बसून, तिच्या ताटात, दोनदा मागून खाल्लं.  

बुधवारी सतरा टरफलं होती, पाच आणि बारा. उरलेली पाच आमच्या घरच्या गॅसपाशी, माझ्या हातानं. ह्यांनी बुर्जी खाल्ली. छापील कागदांच्या रद्दीला पंच मारून टिकल्या केल्या, म्हणून माझ्या अंड्यांत निम्मा पाऊस जांभळाच होता.

गुरुवार उजाडला. बाई मागच्या बाकावर कागद घेऊन बसल्या. तिच्या आईला दहा मिनिटांची सुट्टी मिळाली होती, ती दारात एप्रन घालूनच उभी होती. मुलगी पुढे आली. मी तिच्या हातात खोकं दिलं. तिनं एक अंडं उचललं, फिरवून बघितलं. भोक कुठे बशीएवढं, कुठे वाकडं. तिनं आईकडे पाहिलं. आईनं खाली जमिनीकडे पाहिलं. वर्गातलं घड्याळ पूर्ण एक मिनिट फिरलं. शाळेत एक मिनिट किती मोठं असतं, ते शिक्षकाला विचारा. बाई हळूच म्हणाल्या, "ओके, हनी, बस खाली," आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

मग मीच बडबडायला लागले. आधी अंडं घ्यायचं, मग असं करायचं, मग तसं. डझन म्हणजे किती, अर्धा डझन म्हणजे किती. मुलांनी उत्तरं दिली. सगळं शिक्षण व्यवस्थित पार पडलं. नंतर मैदानात बावीसच्या बावीस फुटली, किंचाळ्या, पळापळ, जांभळा पाऊस. ती मुलगी माझ्याजवळ उभी होती. तिनं आपलं अंडं एका मुलाला देऊन टाकलं होतं. मी मोजणीत न धरलेलं काकूंचं चिकटपट्टीवालं अंडं माझ्याच डोक्यावर फोडलं, तिला हसू यावं म्हणून. ती हसली नाही. मला खाली वाकायची खूण करून माझ्या केसांतल्या टिकल्या ती एकेक करून वेचत राहिली.

दोन आठवड्यांनी तिच्या कागदासाठी मीटिंग लागली. मुख्याध्यापक, बाई, तिची आई. आणि मी. मला बोलावलं होतं दुभाषी म्हणून. मला स्पॅनिशचे अकरा शब्द येत होते, त्यांतले सात खाण्याचे. पण मी दिसायला तशी होते ना! तेवढं पुरे होतं. बाईंनी सांगितलं, संधी दिली होती, बोलली नाही, पुन्हा दुसरी. कागद सहीसाठी पुढे सरकला. आईनं पेन हातात घेतलं.

मला तेव्हा फार थकल्यासारखं झालं होतं. धीटपणा वगैरे काही नव्हता, थकवाच होता. लपवण्याचाही कंटाळा येतो. मी म्हटलं, "थांबा. ती बोलणार होती. तिच्या आईनं आणलेली टरफलं मी कचऱ्यात टाकली. कचरा समजून. नंतर जी दिली ती तिची नव्हतीच, इकडून-तिकडून गोळा केलेली होती. तुम्ही परीक्षा माझ्या अंड्यांवर घेतलीत."

 आईकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. बाईंनी पेनाचं टोपण लावलं.

मुख्याध्यापकांनी विचारलं, "तिला बोलताना कुणी ऐकलंय?"

"मी. एक वाक्य."

"काय म्हणाली?"

"की आपलं चुकतंय."

"आणि वाचताना?"

"मी लिहिलेली पाटी वाचली तिनं. शब्द न शब्द."

 मुख्याध्यापक कागद आपल्याकडे ओढून म्हणाले, तिसरीत घालू, नाताळपर्यंत बघू, पुढचं पुढे. बाई उठून गेल्या. उरलेलं वर्ष त्यांनी मला हनी म्हटलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं, हे आता सांगायला हरकत नाही.

बाहेरच्या पॅसेजमध्ये तिची आई भिंतीला टेकून उभी होती. जेवणघराकडून भांड्यांचा आवाज येत होता, तिला परत जायचं होतं. मी माफीचे शब्द जुळवत होते, त्या अकरा शब्दांत तो शब्द नव्हता. तिनं मला हातानं थांबवलं आणि तोडक्या इंग्रजीत, अजिबात न रागावता जे म्हणाली, ते मी काही न घालता, काही न गाळता आपल्या भाषेत लिहिते:

"पोरीनं सोमवारीच घरी येऊन सगळं सांगितलं होतं. मला वाटलं, तुम्हाला आमचं काही नको आहे. म्हणून मीच तिला म्हटलं, गुरुवारी तोंड उघडू नकोस. घरी अजून सहा डझन पडली होती हो. मला येऊन विचारायचं तरी."